‘स्त्री’ शब्दाचा अर्थ : वऱ्हाडातील एका वादाची हकीकत

उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. तेथून दक्षिणेस गेले की पैनगंगा लागते आणि नदीपलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो. १९४८ पर्यंत ही नदी ओलांडणे म्हणजे वऱ्हाडातून निजामाच्या प्रत्यक्ष अमलात जाणे होते. या गावी एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो असता रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओसरीवर जे बोलणे निघाले, त्यातून प्रस्तुत लेख उद्भवला आहे.

यजमान निवृत्त शिक्षक. त्यांच्या सूनबाई गावच्या सार्वजनिक कामात लक्ष घालणाऱ्या, आणि पुतणी अमरावतीस महाविद्यालयात शिकणारी. पुतणीने विलायतेतील एक हकीकत सांगितली. ससेक्स विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या कॅथलीन स्टॉक या प्राध्यापिकेने, स्त्रीत्व हे शरीराने ठरते, मनातील जाणिवेने नव्हे, असा पक्ष मांडला. तो तृतीयपंथीयांच्या हक्कांवर घाला आहे असे म्हणून विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या प्राध्यापिकेने आपली जागा सोडली. यात विचारस्वातंत्र्याची हानी झाली की दुबळ्यांचे रक्षण झाले, यावर काकांचे व पुतणीचे बराच वेळ जुंपले. सूनबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मामाजी, विलायतेचे राहू द्या. उद्या आपल्या वॉर्डाची जागा महिलेसाठी निघाली आणि तिथे एखाद्या तृतीयपंथीयाने अर्ज भरला, तर आम्हा बायकांचा वाटा कमी झाला म्हणायचे, की आमच्यात एक माणूस वाढले म्हणायचे?” यजमानांनी आमच्याकडे पाहिले. इतिहासाचा व्यासंग आहे म्हणणाराने काही तरी सांगावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. आमच्याजवळ त्या रात्री उत्तर नव्हते.

हा वाद परदेशी आहे, नवा आहे आणि आपल्या परंपरेस अपरिचित आहे, अशी समजूत सुशिक्षित घरांतून सर्रास आढळते. ती खरी नाही. ‘स्त्री’ हा शब्द शरीरावरून लावावा की अंतरंगावरून, या प्रश्नावर आपल्याकडील शास्त्रकार हजार वर्षांहून अधिक काळ भांडले आहेत. आणि त्या भांडणाचा एक मोठा अंक विसाव्या शतकात, आमच्या वऱ्हाडातच, एका छापील पुस्तकाच्या तळटीपेवरून रंगला. ती हकीकत प्रथम सांगून मग सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळण्याचा आमचा विचार आहे.

दिगंबर जैनांचा अत्यंत प्राचीन सिद्धांतग्रंथ ‘षट्खंडागम’ हा पुष्पदंत व भूतबली या आचार्यांनी रचला, असे परंपरा सांगते. त्यावर वीरसेनाचार्यांनी ‘धवला’ नावाची विस्तृत टीका लिहिली. ती नवव्या शतकाच्या पहिल्या चरणात, म्हणजे राष्ट्रकूटांच्या अमदानीत, पूर्ण झाली. या ग्रंथाच्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्री येथे जपून ठेविल्या होत्या. त्यांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट करून त्यांची नक्कल करविण्यास आरंभ केला. परंतु ती नक्कलही मूडबिद्रीबाहेर जाऊ नये असा तेथील मंडळींचा आग्रह होता. नक्कल करणारे गजपती उपाध्याय यांनी आपल्याजवळ गुप्तपणे एक कानडी प्रत करून ठेविली, आणि या कामी विशेष हात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा होता. ती प्रत पुढे सहारनपुरास गेली. तेथे तिची नागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्र्यांनीही आपल्याजवळ एक प्रत राखली. आणि तीवरून उतरलेल्या प्रती आरा, कारंजा, अमरावती अशा ठिकाणी पोहोचल्या. स्त्रीस मोक्षाचा अधिकार आहे की नाही हे ज्या ग्रंथावरून ठरवावयाचे, तो ग्रंथ जगापुढे येण्यास एका स्त्रीची लेखणी कारण झाली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, त्या काळी संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन हे होते. कारंज्याच्या भांडारातील अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांनी आधीच नाव मिळविले होते. त्यांनी पंडित फूलचंद्र व पंडित हिरालाल या दोन शास्त्र्यांच्या साहाय्याने धवलेचे संपादन हाती घेतले आणि १९३९ साली पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध केला. पुढील सुमारे वीस वर्षांत एकंदर सोळा भाग निघाले.

या पहिल्याच भागात त्र्याण्णवावे सूत्र आले आणि तेथे वादाची ठिणगी पडली. जीवाच्या आध्यात्मिक उन्नतीच्या चौदा पायऱ्या जैन शास्त्र मानते. त्यांस गुणस्थाने म्हणतात. ‘मनुषिणी’ म्हणजे मानव-स्त्री कोणकोणत्या पायरीवर असू शकते, हे या सूत्रात सांगितले आहे. संपादकांपुढील प्रतींत ही यादी पाचव्या पायरीशी थांबत होती. परंतु त्याखालची वीरसेनांची टीका वाचली तर असे स्पष्ट दिसे की, टीकाकारापुढे असलेल्या सूत्रात आणखी एक शब्द असला पाहिजे. तो शब्द ‘संजद’, म्हणजे संयत, पूर्ण संयमी. तो घातला की मनुषिणीस सहावी व त्यापुढील पायऱ्याही खुल्या होतात, आणि चौदाव्या पायरीपलीकडे मोक्षच आहे. संपादकांनी सूत्राच्या पाठास हात लावला नाही. येथे ‘संजद’ हा शब्द गळालेला दिसतो, एवढीच तळटीप दिली.

तीन अक्षरांच्या या शब्दाने केवढी खळबळ उडाली, याची कल्पना आज येणे कठीण आहे. श्वेतांबर पंथ स्त्रीस स्त्रीदेहानेच मोक्ष मिळतो असे मानतो. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली हे त्यांच्या मते स्त्री होते. दिगंबर पंथास हे मान्य नाही. संपूर्ण अपरिग्रहास वस्त्रत्याग अवश्य, स्त्रीस तो विहित नाही, म्हणून पूर्ण संयम नाही आणि म्हणून त्या जन्मी मोक्षही नाही, अशी त्यांची विचारसरणी. मग दिगंबरांच्याच मूळ सूत्रात मनुषिणीस पूर्ण संयम सांगितलेला निघाला, तर त्याची वाट काय?

ती वाट वीरसेनांनी अकराशे वर्षांपूर्वीच काढून ठेविली होती. त्यांचे म्हणणे असे की, स्त्री दोन प्रकारची असते. जिचा देह स्त्रीचा आहे ती द्रव्यस्त्री. आणि जिचा अंतर्भाव स्त्रीचा आहे, मग देह पुरुषाचा का असेना, ती भावस्त्री. सूत्रातील ‘मनुषिणी’ म्हणजे ही दुसरी. तिचा देह पुरुषाचा, म्हणून वस्त्रत्यागास अडचण नाही; भाव स्त्रीचा, म्हणून तिला स्त्री म्हटले आहे. सूत्रही राहिले आणि सिद्धांतही राहिला.

आता १९३९ नंतरच्या पंडितांत दोन तट पडले. एक तट म्हणे, शब्द आहे असे मानण्यास हरकत नाही, कारण येथील स्त्री ही भावस्त्री आहे. दुसरा म्हणे, हे प्रकरण देहाच्या पूर्णतेविषयीचे आहे, म्हणून येथील स्त्री द्रव्यस्त्रीच होय. तेव्हा हा शब्द असूच शकत नाही, असला तर आमचा पंथच उरत नाही. मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता त्यात ‘संजद’ शब्द मिळाला. तरीही वाद मिटला नाही. आचार्य शांतिसागर यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरविण्याचे काम निघाले, तेव्हा तो शब्द तांब्यावर उतरवावा की न उतरवावा, यावरही पंडितांत कडाक्याचे मतभेद झाले. स्वतः हिरालाल जैन याही पुढे गेले. प्राचीन दिगंबर आगमास स्त्रीमुक्ती मुळातच अमान्य नव्हती, असे त्यांनी प्रतिपादन केले, आणि त्यांच्या खंडनार्थ ग्रंथच्या ग्रंथ छापले गेले. विद्वानाने पाठ शोधावा की पंथ राखावा, हा प्रश्न त्या काळच्या अमरावतीस जितका जळता होता, तितकाच तो पुढे ससेक्सला झाला.

परंतु आम्हांस या प्रकरणात सर्वात विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट निराळीच आहे. वीरसेनांच्याच शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात, शाकटायन नावाचा मोठा वैयाकरण होऊन गेला. तो यापनीय पंथाचा होता. हा पंथ दख्खनेत नांदला आणि पुढे नामशेष झाला. त्याचे मुनी दिगंबरांप्रमाणे नग्न राहत, परंतु स्त्रीस मोक्ष आहे असे श्वेतांबरांप्रमाणे मानीत. शाकटायनाने स्त्रीनिर्वाणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात तो वैयाकरणाच्या पद्धतीने विचारतो की, ‘स्त्री’ शब्दाचा रूढ अर्थ सर्व लोकांस ठाऊक असता तो सोडून गौण अर्थ घेण्यास आधार कोणता? मुख्य अर्थ जुळत नसेल तरच गौण अर्थाकडे जावे, असा शास्त्राचा दंडक आहे. शास्त्राने स्त्रीस जे दिले ते देहधारी स्त्रीसच दिले. ‘भावस्त्री’ ही पळवाट काढून तिच्या हातातले काढून घेऊ नका, असा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ आहे. पद्मनाभ जैनी यांनी १९९१ साली या वादाचे मूळ ग्रंथ इंग्रजीत उतरवून जगापुढे ठेवले, तेव्हापासून पाश्चात्त्य विद्वानांसही ही चर्चा सुलभ झाली आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. जैन शास्त्रातील ‘भाव’ किंवा ‘वेद’ हा मुख्यतः कामवासनेच्या प्रकाराविषयीचा विचार आहे. आज ज्यास ‘लिंगभाव’ म्हणतात, म्हणजे आपण स्त्री आहो की पुरुष याविषयीची माणसाची स्वतःची जाणीव, तो आणि हा एकच नव्हे. तथापि देह एक आणि अंतरंग दुसरे असू शकते, असे अंतरंग असणे हे मोक्षास आड येत नाही, आणि अशा व्यक्तीस शास्त्राच्या भाषेत ‘स्त्री’ म्हणता येते, एवढे नवव्या शतकातील कर्मठातल्या कर्मठ आचार्यानेही मान्य केले होते. आपल्या परंपरेत असे काही नव्हतेच म्हणणारांनी धवला उघडून पाहावी. उलट, अंतरंगाची व्याख्या आली की न्याय आपोआप आला, असे मानणारांनी शाकटायनाचे गाऱ्हाणे ऐकावे; कारण त्या वादात अंतरंगाच्या व्याख्येने देहाने स्त्री असलेल्या साऱ्या आर्यिकांना दाराबाहेर उभे केले.

आता पैनगंगेच्या दक्षिण तीरावर जाऊ. तेथील इतिहास या गोष्टीची दुसरी बाजू दाखवितो. पेशवाईत काही हिजड्यांना गावच्या उत्पन्नातून हक्क व सनदा मिळालेल्या होत्या. मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे हक्क वारसाने चालू ठेवण्याचे नाकारले. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. ज्याचे नाव नोंदले गेले, त्याने स्त्रीवेषात लोकांपुढे येणे वा नाचगाणे करणे हा गुन्हा. त्यास दत्तक घेता येत नसे की मृत्युपत्र करता येत नसे. याच धर्तीवर हैदराबाद संस्थानाने १३२९ फसली, म्हणजे इ.स. १९१९, मध्ये आपला कायदा केला. त्यातली व्याख्या निव्वळ देहाची होती. पुरुषदेहाची जी व्यक्ती आपण नपुंसक असल्याचे कबूल करील किंवा वैद्यकीय तपासणीत तशी ठरेल, ती या कायद्याच्या कक्षेत येई. त्या व्यक्तीच्या मनास, घरास, उपजीविकेस या व्याख्येत जागाच नव्हती. नोंद झालेली व्यक्ती लुगडे नेसून वा दागिने घालून रस्त्यावर दिसली, तरी तिला वॉरंटावाचून पकडण्याची मुभा होती. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली हा कायदा घटनाबाह्य ठरविला. तोपर्यंत तो पुस्तकात शंभर वर्षांहून अधिक जगला होता.

एका तीरावर अंतरंगाची व्याख्या, दुसऱ्या तीरावर देहाची. पहिलीने देहधारी स्त्रियांचा अधिकार बुडविला. दुसरीने हिजड्यांना गुन्हेगारांच्या वहीत घातले. यावरून आमचे मत असे झाले आहे की, व्याख्या ही स्वभावतः न्यायी वा अन्यायी नसते. ती कोण करतो, कोणत्या कामासाठी करतो, आणि ती करीत असता ज्याच्याविषयी ती आहे तो बैठकीत हजर असतो की नाही, यावर सर्व अवलंबून आहे. स्त्रीमोक्षाच्या वादाचे जे ग्रंथ आपणापर्यंत आले, ते सर्व पुरुषांच्या हातचे आहेत. १८७१ आणि १९१९ चे कायदे लिहिताना हिजड्यांस कोणी विचारल्याचे दिसत नाही.

आजच्या विद्यापीठीय वादाचाही इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत जॅनिस रेमंड यांनी १९७९ साली एक ग्रंथ लिहून असा आरोप केला की, पुरुषदेहाने जन्मून स्त्री म्हणून जगू पाहणाऱ्या व्यक्ती स्त्रियांचे शरीर आणि स्त्रियांची जागा बळकावीत आहेत. ज्यांच्यावर त्यात नावानिशी टीका होती, त्या सँडी स्टोन यांचे उत्तर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्याविषयी डॉक्टर बोलतात, पंडिता बोलतात, आता आम्हांस बोलू द्या, हा त्या उत्तराचा गाभा होता. येथे आम्हांस बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची आठवण होते. स्त्रिया कशा असतात हे पुरुषांनी छापावे आणि स्त्रियांनी ऐकावे, हा रिवाज १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून या वऱ्हाडी बाईने मोडला. रेमंड यांच्या बाजूच्या विदुषी स्वतःस ताराबाईंच्या वारस मानतील आणि स्टोनही मानतील. आणि दोघींचाही दावा सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही, यातच या वादाची अवघड जागा आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी असा निर्णय दिला की, तेथील २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ हा शब्द जन्मतः देहाने स्त्री असलेल्या व्यक्तीसच लागू आहे. मात्र तृतीयपंथीयांस त्याच कायद्याने भेदभावाविरुद्ध दिलेले संरक्षण कायम आहे. पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. शाकटायनाचा रूढ अर्थाचा पक्ष जणू येथे जिंकला. परंतु ज्यांच्या आयुष्यावर हा शब्दार्थ पडणार होता, त्यांपैकी हस्तक्षेपाची परवानगी मागणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींस ती मिळाली नव्हती, हीही गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी उलट दिशेने पाऊल टाकले होते. आपला लिंगभाव कोणता हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असे त्या निकालात म्हटले होते, आणि तो दावा तृतीयपंथीयांच्या बाजूने लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्यासारख्या मराठी मुलखात वाढलेल्या व्यक्तीने स्वतः पक्षकार म्हणून सामील होऊन लढविला होता.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. तो केवळ कल्पनेतला नाही. मध्यप्रदेशात कटनी येथे स्त्रियांसाठी राखीव असलेल्या महापौरपदावर कमला जान ही हिजडा समाजातील व्यक्ती निवडून आली होती. २००३ साली जबलपूरच्या उच्च न्यायालयाने, ती देहाने पुरुष आहे या कारणास्तव, निवडणूक रद्द झाल्याचा निर्णय कायम केला. पुढे खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे, ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी राखीव जागेवर अंजली गुरू संजना जान यांनी अर्ज भरला. अर्ज तृतीयपंथीयाचा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो नाकारला. औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारण्याचा आदेश दिला. आपण स्त्री म्हणून नोंद निवडली आहे आणि पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून लाभ मागणार नाही, ही अर्जदाराची हमी त्यात नोंदविलेली होती. त्याच महिन्यात मतदान झाले आणि त्या निवडून आल्या.

या निकालात आम्हांस एक व्यवहारी शहाणपण दिसते. ‘स्त्री’ शब्दाची त्रिकालाबाधित व्याख्या करण्याच्या भरीस तो पडला नाही. समोर एक माणूस, एक जागा आणि एक निवडणूक होती. तिच्यापुरती अट घालून त्याने दार उघडले. मोक्षाचा प्रश्न एकाच शब्दावर टांगला गेला म्हणून तो अकराशे वर्षे सुटला नाही. ग्रामपंचायतीची जागा, तुरुंगातील कोठडी, रुग्णालयातील खोली, मैदानावरील शर्यत या चार ठिकाणी ‘स्त्री’ शब्दाचे काम चार प्रकारचे आहे. शर्यतीत देहबळाचा विचार अपरिहार्य असेल. कोठडीत दोन्ही बाजूंच्या अब्रूचा आणि सुरक्षिततेचा विचार हवा. ग्रामपंचायतीत, आजवर चावडीवर ज्यास बसू दिले नाही त्यास बसता यावे, हा विचार मुख्य आहे. चारही ठिकाणी एकच उत्तर हवे असा हट्ट दोन्ही पक्षांनी धरला, म्हणून विद्यापीठांत बोलणे खुंटले.

स्त्रियांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतीत एकतृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. या निम्म्या जागांवरही पुष्कळ ठिकाणी बाई नावापुरती आणि कारभार पतिराजांचा, हे आपण सर्व पाहतो. इतक्या कष्टाने मिळालेले अर्धे ताट, त्यातही कोणी वाटेकरी येतो असे दिसताच हात आडवा जाणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे तृतीयपंथीयांस संरक्षण किती अपुरे मिळाले, हे २०१९ च्या कायद्यावरून दिसते. स्त्रीवरील बलात्कारास त्या वेळी किमान दहा वर्षांची शिक्षा होती. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास मात्र या कायद्याने जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा सांगितली. म्हणजे जी व्यक्ती स्त्रियांच्या पंगतीत बसू पाहते, ती तेथे काही लुटावयास आली आहे असे समजण्यापूर्वी, ती कोठून उठून आली हे पाहणे न्यायाचे होईल.

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून साधा आहे. या साऱ्या भांडणात उरलेल्या अर्ध्या ताटाचे नाव कोणी घेत नाही. स्त्रियांच्या अर्ध्या जागांत तृतीयपंथीयांना घ्यावे की न घ्यावे, यावर आपण रात्र जागवितो. सर्वांस खुल्या म्हणविल्या जाणाऱ्या दुसऱ्या अर्ध्यात स्त्रियाही क्वचित आणि तृतीयपंथी तर त्याहून क्वचित दिसतात, याविषयी आपण गप्प असतो. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच निवडले, तेव्हा व्याख्येचा खल न करता गावकऱ्यांनी आपल्या विश्वासाचा माणूस निवडला. वाटा द्यावयाचाच तर तो ज्याच्याकडे सर्वात अधिक आहे त्याच्या ताटातून प्रथम द्यावा, हे घरातील मुलांस शिकवितो ते गावकीसही लागू आहे. तृतीयपंथीयांस स्वतंत्र जागा द्याव्यात की स्त्रियांच्या जागांत सामावून घ्यावे, हे त्या दोन्ही समूहांनी एकत्र बसून ठरवावे. परंतु त्याची किंमत एकट्या स्त्रियांनी भरावी, असे गृहीत धरण्याचा अधिकार आम्हा पुरुषांस नाही.

दुसरा मुद्दा विद्वानांविषयीचा. हिरालाल जैनांनी पदरचा शब्द सूत्रात घुसडला नाही आणि पंथाच्या भयाने तळटीपही गाळली नाही. जे दिसते ते लिहावे, जे वाटते ते वेगळे दाखवावे, आणि मूळ प्रत सापडली की ती सर्वांपुढे ठेवावी, एवढे पथ्य विद्यापीठांनी पाळले, तर कोणा प्राध्यापिकेस जागा सोडावी लागणार नाही आणि कोणा विद्यार्थ्यास आपले अस्तित्वच नाकारले जात आहे असे वाटण्याचे कारण उरणार नाही. खंडन ग्रंथाने व्हावे. ग्रंथकाराचे आयुष्य, किंवा ज्याच्याविषयी ग्रंथ आहे त्याचे आयुष्य, खंडनाचे साधन होऊ नये.

यातले बरेचसे आम्ही पुढच्या खेपेस ढाणकीच्या त्याच ओसरीवर बोलून दाखविले. पुतणीस भादलीचा निकाल आवडला. आमच्या यजमानांस शाकटायन आवडला, आणि ‘हा वैयाकरण शाळेत शिकवावयास हवा’ असे ते म्हणाले. सूनबाईंनी सर्व ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, “ताटाचे तुम्ही म्हणता ते पटले. पण वाटणीचे ठरवाल त्या बैठकीचा निरोप आम्हाला आधी द्या, आणि आठवडी बाजारात टाळ्या वाजवीत येतात त्यांनाही द्या. नाही तर तुम्हीच ठरवाल आणि तुम्हीच आम्हाला सांगाल.” इतके बोलून त्या आत गेल्या. त्यांच्या या मागणीत चूक काय आहे, हे आम्हांस अद्याप सापडलेले नाही.